फेडलेला नवस

मराठीतले एक क्रियापद मला फार आवडते: फेडणे. आपण कर्ज फेडतो आणि नवसही फेडतो. माझे अर्धे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे पहिल्या प्रकारची फेड मी जवळून पाहिली. कर्जाच्या मागे कागद असतो, जामीनदार असतो, हप्ता चुकला की नोटीस असते. नवसाच्या मागे यातले काहीच नसते. मुलाला नोकरी लागली की तुळजापूरला येईन असे म्हणायचे, नोकरी लागली की यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू, असे म्हणायचे. देव काही नोटीस पाठवत नाही. म्हणूनच ज्या देण्याची वसुली करायला कोणी येणार नाही, ते देणे माणूस कसे फेडतो, यावरून त्याची किंमत कळते, असे मला वाटत आले आहे. आणि हा विचार मनात आला, की मला आठवतो एक अमेरिकन विनोदी नट, डॅनी थॉमस.

आपल्याकडे चॅप्लिन घराघरांत ठाऊक आहे, लॉरेल-हार्डी ठाऊक आहेत. डॅनी मात्र छोट्या पडद्याचा माणूस. त्याची गाजलेली मालिका 1964 साली संपली आणि मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले 1972 साली. आपली गाठ पडायची राहून गेली ती अशी.

त्याचे खरे नाव एमॉस कैरूझ. जन्म 6 जानेवारी 1912 चा, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातला. आई-वडील लेबनॉनमधून पोट भरायला आलेले मॅरोनाइट ख्रिश्चन. घरात पोरांची रांग आणि हातावर पोट. बालपण ओहायोमधल्या टोलेडो शहरात गेले. शाळकरी वयात पोरगा एका नाट्यगृहात गोळ्या-सरबत विकायचा आणि विकता विकता रंगमंचावरच्या विदूषकांकडे टक लावून बघायचा. तिथेच त्याला हे वेड लागले. 1932 च्या सुमारास तो डेट्रॉइटच्या रेडिओवर आला. तिथेच गाणाऱ्या रोझ मेरी या मुलीशी 1936 साली त्याने लग्न केले.

पुढच्याच वर्षी घरात पाळणा हलायचा होता आणि खिसा रिकामा होता. या दिवसांची एक हकीकत डॅनी आयुष्यभर सांगत असे. इस्पितळाचे बिल कसे भरायचे या विवंचनेत तो चर्चमध्ये गेला आणि जवळचे शेवटचे सात डॉलर त्याने दानपेटीत टाकून दिले. दुसऱ्या दिवशी त्याला एक छोटे काम मिळाले, मोबदला दिलेल्या दानाच्या दहापट! पुढे उमेदवारीच्या काळात पुन्हा वाट दिसेना, तेव्हा त्याने संत ज्यूडला साकडे घातले. माझा मार्ग मला दाखव, मी तुझे एक स्थान उभारीन, असा तो नवस होता.

संत ज्यूड हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. नावाचे साम्य विश्वासघातकी ज्यूडासशी, म्हणून म्हणे लोक त्याच्याकडे वळत नसत. तो झाला हताश झालेल्यांचा, शेवटचा उपाय म्हणून आठवायचा संत. मुंबई-गोव्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत त्याचे आभार मानणाऱ्या दोन ओळी आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. दोन ओळींत नवस फिटतो. डॅनीचा मात्र असा फिटणारा नव्हता.

1940 साली तो शिकागोच्या एका क्लबात काम करू लागला. पुन्हा क्लबात नाचगाण्याच्या धंद्यात पडल्याचे नातेवाइकांना कळू नये म्हणून त्याने दोन भावांची नावे जोडून डॅनी थॉमस हे नाव घेतले. ते चिकटले ते कायमचे. महायुद्धात त्याने आघाडीवरच्या सैनिकांना हसवले. मग हॉलिवूडने बोलावले, पण तुझे भले मोठे नाक शस्त्रक्रियेने नीट करून घे, अशी अट घातली. डॅनीने नाक जसेच्या तसे ठेवले.

त्याचा विनोद गोष्टीवेल्हाळ माणसाचा. त्याची एक गोष्ट अमेरिकेत फार गाजली. आडरस्त्यावर एकाच्या गाडीचे चाक पंक्चर होते. जॅक मागायला तो दूरच्या घराकडे चालू लागतो. वाटेत तो मनाशीच ठरवत जातो, की मालक कुरकुर करील, अवाच्या सवा पैसे मागील. दार उघडेपर्यंत त्याचा पारा इतका चढलेला असतो, की समोरच्या भल्या माणसाला तो तुझा जॅक तुलाच लखलाभ म्हणून सुनावतो. हसता हसता आपण चपापतो, कारण तो इसम आपल्याच घरातला असतो.

29 सप्टेंबर 1953 रोजी त्याची मालिका सुरू झाली, ‘मेक रूम फॉर डॅडी’. नाव त्याच्याच घरातून आले होते. बाप दौऱ्यावर असला की मुली आईपाशी झोपत आणि तो परतला की त्यांना जागा रिकामी करून द्यावी लागे. मालिकेतला नायकही फिरतीवरचा कलावंत, लेबनॉनी वंशाचा, आणि घरात धुमाकूळ घालणारा एक लेबनॉनी काका. परक्या वाटणाऱ्या कुटुंबाला अमेरिकेने अकरा हंगाम आपल्या दिवाणखान्यात बसवून घेतले. डॅनीला एमी पारितोषिक मिळाले, पुढे निर्माता म्हणूनही त्याने नाव आणि पैसा मिळवला.

आता नवस विसरायला हरकत नव्हती. एखादा सुबक पुतळा बसवला असता तरी शब्द पाळल्यासारखे झाले असते. शिकागोचे कार्डिनल स्ट्रिच पूर्वी टोलेडोचे बिशप होते. त्यांच्याशी बोलता बोलता स्मारकाची कल्पना मुलांच्या इस्पितळाकडे वळली. जागा सुचवली तीही त्यांनीच: मिसिसिपीच्या काठचे मेम्फिस. दक्षिणेत तेव्हा गोऱ्या-काळ्यांची इस्पितळेही वेगळी असत. याच मेम्फिसमध्ये 1968 साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

यानंतर डॅनीने जे केले ते माझ्यातल्या बँकवाल्याला थक्क करते. इमारत एकदाच बांधायची असते, इस्पितळ मात्र रोज चालवावे लागते. चांगल्या हेतूने उभ्या राहिलेल्या कितीतरी संस्था या दुसऱ्या खर्चाखाली दबून जातात. डॅनी आणि रोझ मेरी यांनी मोटारीने 32 दिवसांत 28 शहरे पालथी घातली. आणि 1957 साली, म्हणजे इस्पितळ उघडायच्या पाच वर्षे आधी, त्याने आपल्या लेबनॉनी-सीरियन समाजाची सुमारे शंभर माणसे शिकागोत जमवली आणि कायम पैसा उभा करणारी ‘अल्सॅक’ ही संस्था स्थापन केली. आपल्या आई-वडिलांना या देशाने आसरा दिला, त्याचे देणे आपण लागतो, हा त्याचा मुद्दा होता. एकाचा नवस असा साऱ्या समाजाने वाटून घेतला. जॅकच्या गोष्टीतल्या माणसाने वाटेतच भांडण उकरले होते. हा मात्र प्रत्येक दार सरळ मनाने ठोठावत गेला.

4 फेब्रुवारी 1962 रोजी सेंट ज्यूड बालसंशोधन रुग्णालय उघडले. मूळ इमारत ताऱ्याच्या आकाराची. तिचा आराखडा पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने मोफत करून दिला. पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी काळी-गोरी मुले एकाच वॉर्डात ठेवली. आई-बापांना उपचाराचे बिल द्यायचे नाही, हा इथला नियम. प्रवास, राहणे, जेवण यांचेही नाही. मुलाच्या आजारासाठी मुदतठेव मोडायला आलेले आई-बाप मी काउंटरपलीकडून पाहिले आहेत. मुदतीआधी मोडल्यास व्याज किती बुडेल, हे सांगताना माझी मान वर होत नसे. म्हणून या नियमाचे मोल मला आकड्यांपलीकडे कळते.

आकडेही सांगण्याजोगे आहेत. त्या काळी बालकांच्या सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून शंभरातली जेमतेम चार मुले वाचत. पिंकेल यांनी अनेक औषधे आणि किरणोपचार एकत्र वापरले. दशक सरता सरता निम्मी मुले बरी होऊ लागली. आज तिथे हे प्रमाण नव्वदाच्या वर गेले आहे, आणि तिथे लागलेले शोध जगभरच्या डॉक्टरांना खुले आहेत.

फेब्रुवारी 1991 मध्ये रुग्णालयाचा एकोणतिसावा वाढदिवस डॅनीने साजरा केला आणि दोनच दिवसांनी, 6 तारखेला, हृदयविकाराने तो गेला. वय 79. त्याला मेम्फिसमध्ये रुग्णालयाच्या आवारातच पुरले. 2000 साली रोझ मेरीही तिथेच त्याच्याजवळ विसावली. निधी गोळा करण्याचे काम पुढे त्याची मुले पाहू लागली. ज्या बाळाच्या जन्माच्या बिलाची चिंता होती, ती थोरली मुलगी म्हणजे अभिनेत्री मार्लो थॉमस.

कर्जाचे खाते शेवटचा हप्ता भरला की बंद होते आणि बँकवाल्याला त्यात समाधान असते. डॅनीने मुद्दाम असे खाते उघडले, जे त्याच्या पश्चातही चालू राहील. सात डॉलरवर सुरू झालेले ते खाते आजही चालू आहे.