बिअरच्या पिंपातली सीक्रेट फाइल

मेरी स्टुअर्ट १५४२ मध्ये स्कॉटलंडची राणी झाली, तेव्हा ती अवघ्या सहा दिवसांची होती! बालपण फ्रान्समध्ये गेलं, तिथलंही राणीपद मिळालं, पण अठरा पूर्ण व्हायच्या आतच वैधव्य आलं. मायदेशी परतली, तर १५६७ मध्ये सरदारांनी गादी सोडायला लावली. आसऱ्यासाठी इंग्लंड गाठलं, तिथे नात्यातल्याच एलिझाबेथ राणीने तिला जवळपास १९ वर्षं कैदेत ठेवलं.

बाहेरच्या जगाशी तिचा धागा एकच, सांकेतिक लिपीतली पत्रं. १५८६ मध्ये ती बिअरच्या पिंपांत लपवून ये-जा करू लागली. मेरीला वाटलं, एकदम सेफ! पण हा मार्गच एलिझाबेथचा हेरप्रमुख वॉल्सिंगहॅमने आखला होता. पत्र आधी त्याच्या थॉमस फेलिप्सकडे जायचं. तो ते उलगडायचा, मग पत्र पुन्हा मोहोरबंद होऊन पुढे जायचं.

अँथनी बॅबिंग्टनने एलिझाबेथच्या खुनाचा कट कळवला. लिपीवर भरवसा ठेवून मेरीने सविस्तर उत्तर लिहिलं. फेलिप्सने त्याला साथीदारांची नावं विचारणारं खोटं ‘ता. क.’ जोडलं. फेब्रुवारी १५८७ मध्ये मेरीचा शिरच्छेद झाला.

कच्चं कुलूप उघड्या दारापेक्षा घातक, कारण त्याच्या भरवशावर माणूस सगळंच आत ठेवतो. उद्या इंटर्नशिपला कंपनीची फाइल पाठवाल, तेव्हा पासवर्डसोबत एवढंही बघा: ही लिंक आपल्याला दिली कुणी?