युआन श्वांग : ज्याने आपला महाराष्ट्र पाहून लिहून ठेवला

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात युआन श्वांगच्या वाट्याला दोन ओळी येतात. चिनी प्रवासी, हर्षवर्धनाच्या काळात आला, नालंदात शिकला. आम्हा अंबडकरांनाही लहानपणी तेवढेच ठाऊक होते. जालना, भोकरदन करत अजिंठ्याला सहलीला गेलो, तेव्हा १६ क्रमांकाच्या लेण्याच्या पायथ्याशी असलेल्या दोन दगडी हत्तींजवळ उभे राहून फोटो काढले. याच हत्तींची नोंद एका भिक्खूने सातव्या शतकात केली असावी, हे त्या दिवशी कोणी सांगितले नाही.

त्याचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमाराचा, लोयांगजवळचा. जन्मसालाबद्दल अभ्यासकांत अजून दोन-चार वर्षांचा वाद आहे. चार भावांत तो धाकटा. वडील लवकर गेले. थोरला भाऊ आधीच भिक्खू झालेला होता, त्याच्या मागोमाग हाही तेराव्या वर्षी श्रामणेर झाला. सुई राजघराणे कोसळत होते, सगळीकडे लढाया आणि दुष्काळ. दोघे भाऊ जीव वाचवत चांगआनला आणि तिथून सिचुआनला गेले. विसाव्या वर्षी त्याने उपसंपदा घेतली.

खरी अडचण पुढे आली. चिनी भाषेत आलेल्या धम्मग्रंथांचे अनुवाद एकमेकांशी जुळेनात. एका आचार्याला विचारले तर एक अर्थ, दुसऱ्याला विचारले तर दुसरा. ज्येष्ठांचा मान राखून गप्प बसणे सोपे होते. त्याने मूळ ग्रंथच पाहायचे ठरवले, विशेषतः योगाचारभूमी. त्यासाठी भारतात जावे लागणार होते, आणि सीमा ओलांडायला बादशहाची परवानगी मिळाली नाही. तेव्हा तो लपूनछपून निघाला. जुने चरित्र ६२९ साल सांगते, काही अभ्यासक ६२७ म्हणतात.

वाळवंटाच्या वेशीवर टेहळणीच्या बुरुजांवरून त्याच्यावर बाण सुटले. पुढे पाण्याची पखाल हातातून निसटून वाळूत सांडली आणि चार रात्री, पाच दिवस घसा ओला करायला थेंब मिळाला नाही. काओचांगच्या राजाने तर त्याला प्रेमाने अडवूनच ठेवले. याने अन्नपाणी सोडले, तेव्हा कुठे राजा नमला आणि पुढच्या राज्यांसाठी पत्रे देऊन त्याने निरोप दिला. तिएनशानचा बर्फ ओलांडताना बरोबरचे बरेच लोक दगावले. समरकंद, बामियान, गांधार, काश्मीर असे करत तो नालंदाला पोचला. तिथे वयोवृद्ध शीलभद्रांच्या पायाशी बसून तो योगाचारभूमी शिकला. ज्यासाठी घर सोडले तो ग्रंथ अखेर हाती आला.

नालंदाहून तो दक्षिणेकडे निघाला, कांचीपर्यंत गेला आणि परतताना ६४० च्या आसपास महाराष्ट्रात आला. इथे पुलकेशी दुसरा राज्य करत होता, ज्याच्यापुढे हर्षाचेही काही चालले नव्हते. युआन श्वांगला इथली माणसे ताठ आणि सरळ वाटली : उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर आधी बजावून घेतात. हरलेल्या सेनापतीला इथे बायकी कपडे देत, असेही तो लिहितो. (ही शिक्षा का वाटावी, हा प्रश्न त्याला पडला नाही.) शंभरावर विहार, पाच हजारांच्या आसपास भिक्खू, महायानी आणि हीनयानी दोन्ही. राजधानीच्या आत-बाहेर अशोकाचे पाच स्तूप. ती राजधानी नेमकी कोणती, नाशिक की दुसरी, यावर विद्वान अजून भांडतात.

मग पूर्वेकडच्या डोंगरातला तो विहार. अर्हत आचाराने उभारलेला, भिंतींवर तथागतांच्या पूर्वायुष्याची चित्रे आणि दारात दोन दगडी हत्ती. २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल हे नाव आहे, त्यामुळे हे वर्णन अजिंठ्याचेच असे बहुतेक जण मानतात. पण सत्तर फुटांहून उंच मूर्ती आणि तिच्यावर अधांतरी तरंगणारी सात छत्रे तो सांगतो, तसे अजिंठ्यात कुठेच नाही. तो स्वतः तिथे गेला, की ऐकून लिहिले? आम्हाला वाटते, निदान काही भाग ऐकीव असावा.

चीनचा इतिहास अभ्यासणारे आता हाच प्रश्न त्याच्या सगळ्या ग्रंथाला विचारतात. ६४५ मध्ये तो वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून चांगआनला परतला. विनापरवाना गेलेल्या या माणसाला ताइझोंग बादशहाने शिक्षा केली नाही, उलट पश्चिमेकडच्या देशांची माहिती लिहून मागितली. पुढच्याच वर्षी ती लिहून झाली. मांडणी त्याचा सहकारी बियान्जी याने केली. म्हणून प्रत्येक देशाचा घेर, पीक, हवामान, लोकांचा स्वभाव आणि राजा असा ठरीव साचा त्यात दिसतो. वाचणारा सम्राट होता, हे लक्षात ठेवूनच आकडे वाचावे लागतात.

आपल्यासाठी मात्र एक नोंद फार मोलाची आहे. भारतातल्या गावांची रचना सांगताना तो लिहितो की खाटीक, कोळी, नट, जल्लाद आणि भंगी यांच्या घरांवर खूण असते, त्यांना वेशीबाहेर राहावे लागते आणि गावात आले तर डाव्या बाजूने अंग चोरून चालावे लागते. हे एकट्या महाराष्ट्राचे वर्णन नाही, देशाचे आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात फाहियानची आणि युआन श्वांगची साक्ष शेजारी ठेवून तपासली. इ.स. २०० मध्ये अस्पृश्यता नव्हती, ६०० पर्यंत ती आली होती, हा त्यांचा निष्कर्ष. अस्पृश्यता सनातन आहे म्हणणाऱ्यांना त्यांनी तारीखच दाखवली. युआन श्वांगला इथल्या जातींची बाजू घ्यायची नव्हती आणि त्यांच्याशी भांडायचेही नव्हते. घरे, गल्ल्या, भिंती सांगता सांगता त्याने तेही सांगून टाकले. म्हणूनच ही साक्ष आम्हाला छत्रांच्या वर्णनापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

उरलेली एकोणीस वर्षे त्याने अनुवादात घालवली. ७५ ग्रंथ, १,३३५ खंड. ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये चांगआनला बांधून घेतलेला मनोरा, पुढे दुरुस्त होत, आजही उभा आहे. महाप्रज्ञापारमितेचे सहाशे खंड ६६३ मध्ये पुरे झाले आणि ६६४ च्या सुरुवातीला तो गेला. त्यातले कितीतरी ग्रंथ भारतात संस्कृतातून नाहीसे झाले, ते आज चिनीतूनच वाचता येतात.

नालंदाही अशीच हरवली होती. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने त्याच्याच प्रवासवर्णनाच्या आधारे बडगावच्या ढिगाऱ्यांत ती ओळखली. त्याच्या कवटीचा एक तुकडा चीनने भारताला दिला. १२ जानेवारी १९५७ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर सव्वा महिन्याने, दलाई लामांनी तो नालंदात पंडित नेहरूंच्या हाती सोपवला.