कै. बाळासाहेब खेर आणि ठाणे जिल्ह्यातील वने

आपल्या कऱ्हाडे ज्ञातीत जन्मास आलेल्या थोर पुरुषांची नावे घेताना कै. बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर यांचे नाव स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून मोठ्या अभिमानाने घेतले जाते, आणि बहुधा तेथेच थांबते. पुणे विद्यापीठाची स्थापना, दारूबंदी, कुळकायदा या गोष्टी जाणत्यांच्या स्मरणात असतात. परंतु ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना सकाळी खिडकी उघडल्यावर येऊरचा हिरवा डोंगर अद्याप दिसतो, त्याच्या रक्षणास आधारभूत झालेल्या कायद्यांपैकी काही महत्त्वाचे कायदे बाळासाहेबांच्या मंत्रिमंडळाने विधिमंडळात मंजूर करून घेतले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग येथे विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे एका मध्यम स्थितीतील कुटुंबात झाला. बालपणीचे काही शिक्षण कुंदगोळ येथे, पुढील पुण्यास, आणि उच्च शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. १९०८ साली ते बी. ए. झाले व संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यांना पारितोषिक मिळाले. कायद्याची परीक्षा दिल्यावर उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती बीमन यांचे चिटणीस म्हणून त्यांनी काही काळ काम केले. पुढे मणिलाल खेर आणि कंपनी ही सॉलिसिटरांची पेढी नावारूपास आणली. स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे काम, सत्याग्रहातील कारावास आणि खार येथील दलित वस्तीतील सेवा हा सर्व भाग सुपरिचित आहे. तो येथे आटोपता घेतो.

१९३७ च्या जुलैमध्ये ते मुंबई प्रांताचे मुख्यप्रधान झाले. त्या वेळी ठाणे जिल्हा आजच्या दुप्पट होता. डहाणू, तलासरी, पालघर हा मुलूख त्यातच मोडत असे. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. या मुलखातील वारल्यांची स्थिती किती दारुण होती याची पाहणी बाळासाहेबांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने सिमिंग्टन या आय. सी. एस. अधिकाऱ्याकडून करविली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणारा लग्नगडी, जमीनदाराची वेठ आणि जंगलात ठेकेदाराकडून होणारी पिळवणूक, हे सारे त्या अहवालात सरकारी भाषेतच, पण निःसंदिग्धपणे नमूद झाले. अहवालावर पुरेसा अंमल होण्यापूर्वीच १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

सत्ता गेल्यावर पुष्कळ पुढारी विसावा घेतात. बाळासाहेबांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले आणि ठाणे जिल्ह्यातील पाड्यांशी आपला संबंध कायम ठेवला. त्यांच्या पुढील वनविषयक धोरणाचे मूळ या संबंधात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रानाचे रक्षण हा प्रश्न केवळ झाडांचा नसून झाड तोडणाऱ्या हातास मजुरी कोण देतो याचाही आहे, हे ज्याने पाडा पाहिला त्यालाच उमगावे.

जंगलतोड त्या काळी कुपांच्या पद्धतीने चाले. वनखाते रानाचे भाग पाडी, त्या प्रत्येक भागास कूप म्हणत, आणि कुपाचा लिलाव होई. लिलाव घेणारा व्यापारी शहरातला, कुऱ्हाड चालविणारा कातकरी, ठाकूर अथवा वारली. महायुद्धाच्या काळात लाकूड व कोळसा यांना मागणी वाढली, तेव्हा या पद्धतीचे दोष अधिकच उघडे पडले. १९४६ मध्ये बाळासाहेब पुन्हा सत्तेवर आले, आणि १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. कूप ठेकेदाराऐवजी या संस्थेस द्यावयाचा, मजुरी व नफा सभासदांस मिळावयाचा, आणि प्रारंभी हिशेब-व्यवहारासाठी एखाद्या सेवाभावी संस्थेने पाठीशी उभे राहावयाचे, अशी ती रचना होती. सहकाराचे जाणकार वैकुंठभाई मेहता हे मंत्रिमंडळात होते, ही या कार्यास मोठीच अनुकूलता ठरली.

सरकारी रानापुरती ही सोय झाली. खाजगी रानाचे काय? ठाणे जिल्ह्यात इनामदार, जमीनदार व व्यापारी यांच्या मालकीची रानेही होती, आणि कुळकायद्याच्या नुसत्या चाहुलीने, जमीन जाण्यापूर्वी झाडे तरी विकून घ्यावीत, असा मोह मालकास होणे स्वाभाविक होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम ३५ होते. त्याअन्वये धूप थांबविणे, पाण्याचे साठे टिकविणे अशा कारणांसाठी खाजगी रानातील तोडीवर निर्बंध घालता येई. परंतु त्यासाठी मालकास आधी नोटीस द्यावी लागे, आणि नोटिशीपासून निर्णयापर्यंतच्या अवधीत रान भुईसपाट झाले तर निर्णयाचा उपयोग काय? १९४८ च्या मुंबई दुरुस्ती कायद्याने ही फट बुजविली. नोटीस देतानाच सहा महिन्यांपर्यंत तोड थोपविण्याचा अधिकार सरकारास मिळाला. वरवर पाहता ही एका पोटकलमाची दुरुस्ती. पण जुन्या सॉलिसिटराच्या मंत्रिमंडळास शोभेल अशीच ती होती.

त्याच वर्षी खारजमिनींचा कायदा झाला. समुद्राचे व खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालण्याचे व राखण्याचे काम त्याने एका मंडळाकडे सोपविले. खाडीकाठच्या भातशेतकऱ्यांस त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. १९४८ चाच कुळकायदा आणि १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा यांचा उल्लेखही येथे केला पाहिजे. कोकणात आपल्या ज्ञातीतही खोत घराणी होती. त्यांपैकी कित्येकांच्या घरी त्या दिवसांत बाळासाहेबांचे नाव कौतुकाने निघत नसेल. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु स्वकीयांच्या हितसंबंधांसाठी त्यांनी विधेयक अडवून धरले नाही, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

१९५० साली राष्ट्रीय उद्यानांविषयी मुंबई राज्याचा स्वतंत्र कायदा झाला. बोरिवली ते येऊर पसरलेले आजचे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे उद्यान पुढे टप्प्याटप्प्याने वाढले आहे. १९५१ साली वन्य प्राणी व वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा आला. तत्पूर्वी १९१२ चा जो कायदा होता तो फार तोकडा होता. नव्या कायद्याने शिकारीस परवाना, विणीच्या हंगामात बंदी आणि सल्लागार मंडळ अशी सांगोपांग व्यवस्था लावली. त्याच्या मसुद्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, विशेषतः तिचे तत्कालीन चिटणीस हुमायून अब्दुलअली यांचा, वाटा मोठा होता. ज्यांना पाखरांची जात ओळखता येते त्यांच्याकडून पाखरांचा कायदा लिहवून घ्यावा, ही सुबुद्धी शासनाला झाली हे विशेष. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव कायद्याची घडण करताना हा मुंबईचा कायदा नमुन्यादाखल उपयोगी पडला.

चरित्र म्हणजे केवळ स्तोत्र नव्हे. १९४५ पासून गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी यांनी वारल्यांची जी चळवळ उभारली, तिच्या मागण्या पुष्कळ अंशी सिमिंग्टनच्या अहवालातीलच होत्या. तरीही १९४६ च्या अखेरीस रानातील मजुरीच्या संपाच्या वेळी बाळासाहेबांच्याच सरकारने या पुढाऱ्यांस जिल्ह्यातून हद्दपार केले. ज्या वारल्यासाठी मंडळ काढले, त्याने स्वतः उठून मागितलेले मात्र सरकारास रुचले नाही. कायदा व सुव्यवस्थेची अडचण होती असे समर्थन केले जाते. ते प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही.

डोंबिवली-कल्याणच्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न येईल. उल्हास नदी व वालधुनी यांच्या पाण्याचे काय? त्या कायद्यांत रासायनिक सांडपाण्याचा विचार नाही, कारण डोंबिवलीची औद्योगिक वसाहत साठीच्या दशकातील. जलप्रदूषणाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९६९ साली झाला. तोपर्यंत बाळासाहेब हयात नव्हते.

१९५२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडल्यावर ते लंडनला भारताचे उच्चायुक्त झाले. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला, आणि १९५५ साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ८ मार्च १९५७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विक्रोळीच्या एका विस्तीर्ण जमिनीसंबंधी कलम ३५ खालील नोटीस निघाली होती. पुढे १९७५ च्या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने शासनाकडे आली, आणि अशा जुन्या नोटिशींच्या आधारे कित्येक जमिनींवर वनाचा शिक्का बसला. मुंबईच्या उपनगरांत व ठाणे जिल्ह्यात तोवर त्यांतील पुष्कळ ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या होत्या. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवळ नोटीस काढून तिचा पाठपुरावा न केल्याने जमीन वन ठरत नाही, असा निर्णय दिला आणि तेथील कुटुंबांचा जीव भांड्यात पडला. आपल्यापैकी ज्यांच्या सातबाऱ्यावर असा शेरा आला होता, त्यांनी तो वाचताना कलम ३५ च्या दुरुस्तीचे साल १९४८ होते, एवढे पाहिले तरी बाळासाहेबांची गाठ पडेल.