ग्रोव्ह यांची वायुघटमाला

वेल्समधील स्वान्झी हे समुद्रकाठचे गाव एके काळी तांबे गाळण्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. त्या गावी ११ जुलै १८११ रोजी विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथील शिक्षण आटोपून ते १८३५ मध्ये बॅरिस्टर झाले. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. न्यायालयातील दगदग सोसवेना, तेव्हा सक्तीच्या विश्रांतीच्या काळात त्यांनी विजेचे प्रयोग आरंभिले.

१८३९ मध्ये त्यांनी एक नवा विद्युत्‌घट जगापुढे मांडला. त्यात जस्त विरल गंधकाम्लात व प्लॅटिनम नत्राम्लात बुडविलेले असे, आणि दोहोंमध्ये सच्छिद्र मातीचे भांडे असे. अमेरिकेतील आरंभीच्या तारायंत्रांना हा जोरदार घट फार उपयोगी पडला. त्यातून निघणारा तांबूस वायू मात्र विषारी होता. यंत्राजवळ बसणाऱ्यांना तो निमूटपणे सोसावा लागे!

पाण्यातून वीज नेली की त्याचे प्राणवायू व हायड्रोजन असे दोन वायू होतात, हे तेव्हा विद्वानांस ठाऊक होते. ग्रोव्ह यांनी प्रश्न उलटा केला. हे दोन वायू पुन्हा एकत्र येऊ दिले, तर वीज परत मिळेल काय? त्यांनी दोन नळ्यांत दोन वायू भरले, प्लॅटिनमच्या पट्ट्या अर्ध्या वायूत व अर्ध्या आम्लात राहतील अशा ठेविल्या आणि त्या तारेने वीजमापक यंत्राला जोडल्या. यंत्राची सुई हलली! बाझेलचे प्राध्यापक शोनबाइन हेही त्याच सुमारास याच दिशेने विचार करीत होते. दोघांत मत्सर उत्पन्न झाला नाही, उलट स्नेह जडला.

पण सुई हलविण्यापुरती वीज काय कामाची? वायू, आम्ल व प्लॅटिनम ही तिन्ही जेथे एकमेकांस स्पर्श करतात तेथेच वीज निर्माण होते, हे ग्रोव्ह यांनी ओळखले. गुळगुळीत पत्र्यावर अशी जागा थोडी. म्हणून त्यांनी पत्र्यावर प्लॅटिनमचाच भुकटीसारखा खरबरीत थर चढविला. पत्रा तेवढाच राहिला, पण त्याचा पृष्ठभाग कितीतरी वाढला. १८४२ मध्ये त्यांनी अशा ५० जोड्यांची माळ केली. पाच माणसांनी हात धरून साखळी केली, तरी तिचा झटका पाचांनाही जाणवे! तिच्या विजेने त्यांनी पाण्याचे पृथक्करणही करून दाखविले. माळेत नळ्यांतील हायड्रोजन प्राणवायूच्या दुप्पट वेगाने खर्च होई. पाण्यातही त्यांचे प्रमाण तेच असते.

मुलांनो, आजच्या इंधनघटांतही प्लॅटिनम लागते, आणि ते फार महाग असल्यामुळे त्याचे सूक्ष्म कण करून कोळशाच्या भुकटीवर बसवितात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एक ग्रॅम प्लॅटिनमचे तीन नॅनोमीटरचे कण केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ९० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाहून मोठा भरतो! मग कण आणखी बारीक का करू नयेत? फार लहान कणात कडेचे व कोपऱ्याचे अणू अधिक असतात. ते प्राणवायूला इतके घट्ट धरतात की पुढची क्रिया मंदावते. शिवाय असे कण हळूहळू विरघळून मोठ्या कणांवर जाऊन बसतात आणि मिळविलेला पृष्ठभाग पुन्हा घटतो. म्हणून बहुधा दोन ते पाच नॅनोमीटरचे कण वापरतात.

ग्रोव्ह १८४१ पासून लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक होते. उष्णता, प्रकाश, वीज व गती यांचे एकमेकांत रूपांतर होते, हा विचार त्यांनी १८४६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्याच वर्षी प्राध्यापकी सोडून ते पुन्हा वकिलीकडे वळले. विज्ञानाची यात हानी झाली, असे मला वाटते. वकिलीत मात्र त्यांनी नाव मिळविले. १८५६ मध्ये विषप्रयोगाच्या एका गाजलेल्या खटल्यात ते आरोपीच्या बाजूने उभे होते. १८७१ मध्ये ते न्यायाधीश झाले व १८८७ मध्ये निवृत्त झाले. १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची वायुघटमाला त्यांच्या हयातीत कोणाच्या उपयोगी पडली नाही. १९६९ मध्ये माणसे चंद्रावर गेली, तेव्हा त्यांच्या मुख्य यानातील वीज याच तत्त्वावर चालणाऱ्या घटांतून मिळत होती. त्या घटांतील पत्रे मात्र निकेलचे होते. दोन वायू एकत्र येऊन जे पाणी तयार होई, ते अंतराळवीर प्रवासात पीत असत.