मार्क गेले, मत राहिलं

खर्चापाण्यासाठी तुम्ही नंदुरबारात किंवा शहाद्यात दहावीच्या पोरांच्या ट्युशन घेत असाल, तर हा सीन ओळखीचा असेल. पोरगा इंग्रजी निबंधाची वही पुढे करतो. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी मार्क कापलेत. कारण? त्याचं मत सरांना पटलं नाही. आता तो तुमच्याकडे बघतोय. काय सांगाल?

त्याआधी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची गोष्ट वाचा.

जन्म १८४२चा, निफाडचा. कॉलेज मुंबईचं एल्फिन्स्टन. तिथं त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि मराठ्यांची बाजू उजवी ठरवली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट भडकले. मार्क सोडा, स्कॉलरशिपच सहा महिने बंद!

रानड्यांनी ना कॉलेज सोडलं, ना मत. १८६२ मध्ये पहिल्या वर्गात बी.ए. झाले. गंमत म्हणजे, १८६८ मध्ये त्याच कॉलेजात ते इंग्रजी आणि इतिहास शिकवू लागले.

ट्युशन म्हणाल, तर तीही घेतली, घरातच. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा पत्नी रमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. घरातल्या बायकांचा विरोध असताना रानड्यांनी त्यांना आधी मराठी, मग इंग्रजी शिकवलं. पुढे याच रमाबाईंनी पुण्याचं सेवासदन उभं केलं.

आपल्या भागाशीही त्यांचा संबंध आला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं आणि सरकारला रानड्यांचाही संशय आला. न्यायखात्यातल्या या माणसाची बदली धुळ्याला झाली. तेव्हा नंदुरबारही खानदेश जिल्ह्यातच होतं. धुळ्यात त्यांची पत्रं फोडून वाचली जायची. तरी त्यांचं वाचन-लेखन थांबलं नाही.

१९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. विषय कॉलेजातल्या निबंधाच्या जवळचाच, पण आता पाठीशी आयुष्यभराचा अभ्यास होता. पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९०१ला, ते गेले.

तर त्या पोराला मत खोडायला लावू नका. सरांशी भांडायलाही पाठवू नका. मार्क कुठे गेले, हे नीट विचारून यायला सांगा. मग त्याच्यासोबत बसा आणि त्या मतासाठी अजून दोन भक्कम कारणं शोधा. मार्क वाढतीलच असं नाही. पण स्वतःचं मत मांडायची सवय मोडणार नाही, आणि ती टिकवणं तुमच्या हातात आहे.