पोशिंदा की मारेकरी? : फ्रिट्झ हेबर

दरवर्षी पाऊस सुरू झाला, की आमचे वडील युरियाच्या गोणीसाठी तालुक्याला जाऊन रांगेत उभे राहतात. त्या गोणीमागे कोणाचे डोके आहे, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्र दहावीला सुटले. पण पहिल्या महायुद्धाचा अभ्यास करताना विषारी वायूच्या प्रकरणात जे नाव आले, तेच खताच्या शोधातही निघाले, तेव्हा मी चक्रावले. ते नाव फ्रिट्झ हेबर.

९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाउ शहरात एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. थोड्याच दिवसांत आई वारली. ज्यू माणसाला वरच्या जागा मिळणे कठीण, म्हणून की काय, तरुणपणीच त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण अस्सल जर्मन आहोत हे दाखवण्याची त्याची धडपड पुढेही चालूच राहिली.

१९०९ मध्ये हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा प्रचंड दाबाखाली संयोग घडवून त्याने अमोनिया तयार केला. कार्ल बॉशने तो कारखान्यात उतरवला आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. तोवर खतासाठी आणि स्फोटकांसाठी लागणारा सोरा चिली देशातून जहाजांनी येई. १९१४ साली युद्ध पेटले व ब्रिटिश आरमाराने ती वाट अडवली. तरी जर्मन तोफा थांबल्या नाहीत, कारण दारूगोळ्याचा कच्चा माल आता चक्क हवेतून निघत होता! युद्ध चार वर्षे लांबले, त्यात या कारखान्यांचा वाटा मोठा होता.

हेबर एवढ्यावर थांबला नाही. खंदकांत दडलेल्या शत्रूला हुसकण्यासाठी त्याने क्लोरीन वायू सुचवला आणि तयारीसाठी स्वतः आघाडीवर गेला. २२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी बेल्जियममधील ईप्रजवळ पाच हजारांहून अधिक नळकांड्यांतून सुमारे १५० टन क्लोरीन वाऱ्यावर सोडण्यात आला. हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरकत गेला आणि माणसे बंदूक न उचलता गुदमरून मेली. चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनचे आपले हिंदी जवानही तेथे या वायूच्या तोंडी गेले.

त्याची पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. लग्नानंतर प्रयोगशाळा सुटली, घर उरले. (हे वाचताना मला काही परके वाटले नाही.) नवऱ्याचे हे काम तिला मान्य नव्हते, असे सांगतात. २ मे १९१५ रोजी तिने त्याच्याच पिस्तुलाने जीव दिला. मुलगा हेरमान बारा वर्षांचा होता. हेबर लगेच पूर्वेच्या आघाडीवर निघून गेला. येथे माझी सहानुभूती संपते.

अमोनियाच्या शोधाबद्दल त्याला १९१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यावर टीकाही झाली. हरलेल्या जर्मनीचा दंड फेडण्यासाठी त्याने समुद्राच्या पाण्यातून सोने काढण्याचाही खटाटोप केला, तो फसला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, ज्यू सहकाऱ्यांना काढण्याचा हुकूम निघाला. हेबरने राजीनामा दिला, देश सोडला आणि २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तो वारला. त्याच्या संस्थेतील कीटकनाशकांच्या संशोधनातूनच पुढे त्सिक्लॉन बी निघाले. नाझींनी छळछावण्यांत लक्षावधी ज्यू त्यानेच मारले. त्या छावण्यांत हेबरचे नातेवाईकही होते.

मरण्यापूर्वी त्याने एक इच्छा लिहून ठेवली होती. तिच्याप्रमाणे हेरमानने आईच्या अस्थी बर्लिनहून आणवून बाझलला त्याच्या शेजारी ठेवल्या.