बाराशे स्टेशन्स, एकच आवाज

तुमचा फेवरिट पॉडकास्टर उद्या अचानक स्वतःच्याच जुन्या मताविरुद्ध बोलला, तर काय कराल? अनफॉलो? अमेरिकेतल्या पॉल हार्वेने ही रिस्क १९७० मध्येच घेतली होती, तीही देशभरातल्या रेडिओवर.

हार्वेचा जन्म १९१८ चा, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातला. तीन वर्षांचा असताना दरोडेखोरांच्या गोळीबारात त्याचे वडील गेले. शाळेत असतानाच, १९३३ मध्ये, तो टल्साच्या केव्हीओओ स्टेशनवर लागला. सुरुवात झाडू मारण्यापासून! १९५१ पासून तो एबीसी नेटवर्कवर शिकागोहून बातम्या आणि सोबत आपली मतंही सांगू लागला. छोट्या छोट्या गावांतली स्टेशन्स आपल्या स्थानिक बातम्या, हवामान यांच्या जोडीने त्याचा कार्यक्रम लावायची. त्यामुळे शिकागोतला हा माणूस लोकांना आपल्याच गावचा वाटायचा. ऐन भरात तो बाराशेहून जास्त स्टेशन्सवर ऐकू यायचा. जाहिरातीही तोच वाचायचा, अगदी बातमीच्याच सुरात. यावर टीकाही झाली, आणि ती रास्तच होती.

हार्वे पक्का पुराणमतवादी, व्हिएतनाम युद्धाचा समर्थक. त्याचे बरेच श्रोतेही तसेच. पण निक्सन यांनी युद्ध कंबोडियात नेलं, तेव्हा १ मे १९७० ला त्याने थेट रेडिओवरून सांगून टाकलं, की अध्यक्ष चुकताहेत. झालं! संतापलेल्या पत्रांचा आणि फोनचा पाऊस पडला.

तरी हार्वे संपला नाही. २००९ मध्ये नव्वदीत गेला, तोवर त्याचा आवाज रेडिओवर होता.

आता सांगा, तुम्ही अनफॉलो केलं असतंत?